सुरक्षित अनुबंध

सुरक्षित अनुबंध म्हणजे तान्हे मूल आणि त्याचा नित्य सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यात आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घडणारे विश्वासाचे नाते होय. या नात्याच्या भरवशावर मूल भीतीच्या वा दुखण्याच्या वेळी त्या व्यक्तीकडे धाव घेते आणि मन शांत झाल्यावर पुन्हा निर्धास्तपणे खेळू लागते. बालविकास मानसशास्त्रातील ही संकल्पना ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांच्या अनुबंध सिद्धांतातून पुढे आली. हे नाते आईशीच जडते असे नाही. आजी, वडील, मोठी बहीण, दत्तक पालक किंवा बालगृहातील सांभाळणारी स्त्री यांच्याशीही ते जडू शकते. महाराष्ट्रात या विषयाला विशेष महत्त्व आहे ते मराठवाड्यातील दोन अनुभवांमुळे. १९९३ च्या किल्लारी भूकंपाने अनेक मुले पोरकी केली, आणि ऊसतोडीच्या हंगामी स्थलांतरामुळे दरवर्षी हजारो मुलांची आई-वडिलांपासून कित्येक महिने ताटातूट होते.

संज्ञा

मराठीत या संकल्पनेसाठी ‘आसक्ती’ हा शब्दही योजला जातो. मात्र त्याला विषयलोभाची छटा असल्याने तान्ह्या मुलाच्या बाबतीत तो विसंगत वाटतो. बोलीतील ‘लळा’ हा शब्द मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा आहे. ‘लेकराला आजीचा लळा लागला’ या वाक्यात अनुबंधाची तीनही लक्षणे येतात : तो विशिष्ट व्यक्तीचाच लागतो, तो लागायला सहवासाचा काळ जावा लागतो, आणि ती व्यक्ती दूर गेली की मूल तिचा ध्यास घेते. शास्त्रीय लेखनाच्या सोयीसाठी येथे ‘अनुबंध’ हा शब्द वापरला आहे.

सिद्धांताचा उगम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलाची आईविषयीची ओढ ही अन्नातून निर्माण होते, असा समज प्रचलित होता. जी व्यक्ती पोट भरते तिचीच मुलाला सवय होते, असे मनोविश्लेषक आणि वर्तनवादी दोघेही मानत. अमेरिकन संशोधक हॅरी हार्लो यांच्या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हा समज खिळखिळा केला. त्यांनी माकडांच्या पिलांपुढे दोन कृत्रिम ‘आया’ ठेवल्या. एक नुसत्या तारेची पण दूध देणारी होती, तर दुसरी मऊ कापडाने मढवलेली. पिले दुधापुरती तारेच्या आईकडे जात आणि उरलेला बहुतेक वेळ कापडी आईला बिलगून काढीत. एखादी भीतिदायक वस्तू पुढे आली की ती कापडी आईकडेच धावत.

बोल्बी यांचे स्वतःचे बालपण मुख्यतः दाईच्या हाती गेले आणि ते सुमारे चार वर्षांचे असताना ती दाई घर सोडून गेली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ मध्ये बेघर व पोरक्या मुलांविषयी अहवाल लिहिला. पुढे १९६९, १९७३ आणि १९८० मध्ये तीन खंडांत त्यांनी अनुबंध, विरह आणि वियोग यांची मांडणी केली. बिलगणे, रडणे, हसणे, मागे-मागे रांगणे ही वर्तने असहाय पिलाला रक्षणकर्त्याच्या जवळ ठेवतात, म्हणून ती उत्क्रांतीच्या ओघात टिकून राहिली, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक चित्रपट काढला. रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी विरहाच्या तीन अवस्था वर्णिल्या : आधी आकांत, मग खिन्नता, आणि शेवटी अलिप्तता. तिसरी अवस्था सर्वांत फसवी असते. मूल रडायचे थांबते, खाऊ-पिऊ लागते, समोर येईल त्याच्याकडे जाते. मूल ‘रुळले’ असे मोठ्यांना वाटते, परंतु आई परत आल्यावर ते तिच्याकडे पाठ फिरवते. इंग्लंडमधील रुग्णालयांत त्या काळी आई-वडिलांना भेटीची मोजकीच मुभा असे. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर हे नियम हळूहळू सैल झाले. आपल्याकडील सरकारी दवाखान्यांत आजारी लेकराच्या खाटेवरच आई बसून असते. ही रीत जागेच्या व मनुष्यबळाच्या टंचाईतून आली असली, तरी या एका बाबतीत ती शास्त्राला धरून आहे.

एन्सवर्थ यांचे निरीक्षण

मेरी एन्सवर्थ यांनी १९५४–५५ मध्ये युगांडातील खेड्यांत २६ मातांच्या घरी जाऊन तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २६ कुटुंबांत वर्षभर वारंवार तासन्‌तास बसून त्यांनी नोंदी घेतल्या. या नोंदींना पूरक म्हणून त्यांनी सुमारे वीस मिनिटांची एक चाचणी रचली. तिला ‘अपरिचित प्रसंग’ म्हणतात. एक वर्षाच्या आसपासचे मूल आईबरोबर अनोळखी खोलीत येते, एक परकी स्त्री आत येते, आई दोनदा थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडले यापेक्षा आई परतल्यावर त्याने काय केले, यावर निष्कर्ष ठरतो.

सुरक्षित अनुबंध असलेले मूल रडले तरी आई येताच तिला बिलगते, थोड्या वेळात शांत होते आणि खेळण्यांकडे वळते. टाळणारे मूल आईच्या येण्याची दखलच घेत नाही. मात्र हृदयाचे ठोके मोजले असता त्याच्या शरीरात ताण असल्याचे आढळते. द्विधा अनुबंधाचे मूल आईला धरूनही ठेवते आणि चिडून ढकलतेही. त्याचे समाधान लवकर होत नाही. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८० च्या दशकात चौथा, ‘विस्कळीत’ प्रकार जोडला. यात मूल आईकडे जाता-जाता थिजते किंवा विसंगत हालचाली करते. ज्या व्यक्तीकडे धाव घ्यायची तिचीच भीती वाटत असेल, तर मुलापुढे असा पेच उभा राहतो. मारहाण वा गंभीर हेळसांड होणाऱ्या मुलांत हा प्रकार अधिक दिसतो.

भावनिक जडणघडण

तान्ह्या मुलाला स्वतःची भावना आवरता येत नाही. भूक, भीती, अंगदुखी यांचा त्याला लोट येतो आणि तो शमवायला दुसऱ्याचे अंग, आवाज व लय लागते. कडेवर घेऊन येरझाऱ्या घालणे, पाठीवर थोपटणे, ‘काय झालं माझ्या राजाला’ असे एका सुरात बोलत राहणे या क्रियांनी मुलाचा श्वास आणि हृदयाची गती खाली येते. हा अनुभव शेकडो वेळा घेतल्यावर मुलाच्या मनात एक अपेक्षा रुजते : त्रास होतो, पण तो सरतो, आणि तो सरावा म्हणून कोणीतरी येते. बोल्बी यांनी या रुजलेल्या अपेक्षेला मनातील ‘कार्यकारी प्रतिकृती’ म्हटले. तिचे दोन भाग असतात. एक, इतर माणसे कितपत भरवशाची आहेत. दुसरा, आपण स्वतः कोणी धावून यावे इतक्या योग्यतेचे आहोत की नाही. आत्मविश्वास म्हणून जे पुढे शाळेत दिसते, त्याचा पाया या दुसऱ्या भागात असतो.

अशा मुलाला रागही येतो आणि ते हट्टही धरते; सुरक्षित मूल म्हणजे गुणी, न रडणारे मूल नव्हे. उलट, त्याला आपली भावना उघड दाखवण्याची भीती वाटत नाही. टाळणाऱ्या मुलाने आपले रडे लपवायला लवकरच शिकलेले असते, आणि आपल्याकडे अशा मुलाचे ‘किती शहाणं आहे, मुळीच त्रास देत नाही’ असे कौतुक होते. शिक्षकांनी व पालकांनी या कौतुकाबाबत सावध असावे.

भावनांची भाषाही याच नात्यातून येते. ‘भ्यालास का?’, ‘दादाने घेतलं म्हणून राग आला?’ असे मोठी माणसे म्हणतात, तेव्हा मुलाला आतल्या गोंधळासाठी शब्द मिळतो. ज्याला स्वतःच्या भावनेचे नाव माहीत आहे, त्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भावनाही ओळखता येते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९७५ मध्ये गरीब परिस्थितीतील २६७ मातांपासून सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, बाल्यावस्थेत सुरक्षित अनुबंध लाभलेली मुले पुढे बालवाडीत आणि शाळेत सवंगड्यांशी अधिक सहजपणे जुळवून घेताना आणि गरज पडल्यास शिक्षकांची मदत मागताना दिसली. हा संबंध सरासरीचा आहे. एकेका मुलाचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही, आणि पुढच्या आयुष्यातील चांगली-वाईट नाती ही प्रतिकृती बदलूही शकतात.

पालक अचूक असावा लागतो, हाही गैरसमज आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-मुलांच्या समोरासमोरच्या खेळाचे सूक्ष्म निरीक्षण केले. तेव्हा दोघांचा मेळ जेमतेम एक तृतीयांश वेळ जमलेला असतो आणि उरलेल्या वेळात तो चुकतो व पुन्हा साधला जातो, असे दिसून आले. चूक झाली आणि ती दुरुस्त झाली, या अनुभवातूनच मूल धीर धरायला शिकते.

मराठी घरांतील संगोपन

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे महाराष्ट्रातील अनेक मुलांच्या पहिल्या महिन्यांत आईबरोबर आजी आणि मावशी असते. तेल लावून न्हाऊ घालणे, शेक देणे, लुगड्याच्या झोळीत झोके देणे आणि अंगाई म्हणणे यांत स्पर्श, ऊब, लय आणि आवाज एकत्र येतात. आजीच्या जुन्या लुगड्याची वाकळ न मिळाल्यास झोपायला नकार देणारे मूल घरोघर असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी अशा वस्तूंना विशेष महत्त्व दिले. माणसाच्या अनुपस्थितीत त्याच्या सान्निध्याची आठवण मूल त्या वस्तूत जपते.

‘सारखे उचलून घेऊ नका, हाताची सवय लागेल’ हा सल्ला मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांच्या १९७२ च्या निबंधात, पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याची लवकर दखल घेतली गेली, ती मुले वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती, असे नोंदवले आहे. त्यांच्या पद्धतीवर नंतर आक्षेप घेतले गेले. तरीही दखल घेतल्याने तान्हे मूल बिघडते, असा पुरावा पुढे आलेला नाही. याहून अपायकारक आहे ती धाक घालण्याची रीत. ‘बागुलबुवाला देऊन टाकीन’, ‘ऐकलं नाहीस तर मी निघून जाईन’ अशा धमक्या थट्टेने दिल्या जातात. बोल्बी यांनी १९७३ च्या खंडात सोडून जाण्याच्या धमकीला मुलांमधील चिंतेचे एक महत्त्वाचे कारण मानले. मूल खेळात असताना त्याची नजर चुकवून बाहेर पडणे हाही याच जातीचा प्रकार होय. त्या वेळचे रडणे टळते, पण आई कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, हे मुलाच्या मनात घट्ट बसते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाने मराठी मनात मातृप्रेमाची जी प्रतिमा कोरली, तिच्यामुळे सांभाळ म्हणजे आईच, असे समीकरण होऊन बसले. प्रत्यक्षात आपल्याच परंपरेने देवकीइतकाच, किंबहुना अधिक, गौरव यशोदेचा केला आहे. शास्त्राचा कौलही यशोदेच्या बाजूचा आहे. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी १९६४ मध्ये ग्लासगो येथील ६० मुलांचा अभ्यास केला. दीड वर्षाच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना एकाहून अधिक व्यक्तींचा लळा लागला होता. सुझान सेमूर यांनी भुवनेश्वर येथील कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासात (१९९९) अनेक हातांनी होणारे संगोपन हे भारतीय कुटुंबाचे वैशिष्ट्य असल्याचे दाखवले आहे.

किल्लारी भूकंप आणि पोरकी मुले

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. औसा तालुक्यातील किल्लारी हे केंद्र मानले गेले. दगड-मातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. पालक गमावलेल्या मुलांसाठी वेगवेगळ्या तऱ्हेची व्यवस्था उभी राहिली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प त्यातून वाढला. नळदुर्ग येथे राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ उभारले. लातूर येथे एसओएस बालग्राम स्थापन झाले.

अनुबंधाच्या दृष्टीने या व्यवस्थांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. हर्मन माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेल्या बालग्राम पद्धतीत एका घरात थोडी मुले आणि त्यांची एकच कायमची ‘आई’ असते. सख्खी भावंडे शक्यतो एकाच घरात ठेवली जातात. वसतिगृहात शिक्षणाची सोय चांगली असू शकते, परंतु तेथील सांभाळणारी माणसे पाळीनुसार बदलतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे पेलते, दोन वर्षांच्या मुलाला पेलत नाही. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधील हॅम्पस्टेड येथील शिशुगृहांत हाच धडा घेतला होता. मोठ्या गटात मुले ठेवल्यावर त्यांची वाढ खुंटते असे दिसताच त्यांनी चार-पाच मुलांमागे एक ठरावीक सांभाळणारी, अशी ‘कुटुंबे’ केली आणि मुलांच्या वागण्यात झपाट्याने फरक पडला. बॉम्बवर्षावात आईजवळ राहिलेल्या मुलांपेक्षा सुरक्षित स्थळी एकटी पाठवलेली मुले अधिक व्यथित होती, हेही त्यांनी नोंदवले.

भावंडांची ताटातूट न करण्याचे महत्त्व ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांच्या १९५१ च्या निबंधातून कळते. नाझी छळछावणीतून वाचलेली सहा पोरकी मुले इंग्लंडमध्ये आणली गेली. मोठ्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण त्यांना एकमेकांचा विलक्षण लळा होता आणि त्या बळावरच ती तगली होती.

रुमानियात २००० च्या सुमारास सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात संस्थांमधील १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या मुलांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवले गेले. सुमारे दोन वर्षांचे होण्यापूर्वी कुटुंबात गेलेल्या मुलांत सुरक्षित अनुबंध अधिक प्रमाणात निर्माण झाला. भारतात बालन्याय अधिनियम, २०१५ ने प्रतिपालकत्वाची तरतूद केली असली, तरी सर्वसामान्यांना अजून बालगृह आणि दत्तकविधान हे दोनच मार्ग ठाऊक आहेत.

ऊसतोडीचे स्थलांतर

भूकंप एका पहाटेचा होता. ऊसतोडीची ताटातूट दरवर्षीची आहे. रेणापूर तालुक्याची हद्द बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आणि परळी या तालुक्यांना लागून आहे. तालुक्यात निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे ऊसतोड मजूर पाठवणारा प्रदेश आणि त्यांना बोलावणारा प्रदेश येथे एकमेकांना भिडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी गाव सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या आसपास परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. उचल जोडीच्या नावाने असल्याने आईला मागे राहता येत नाही.

अंगावर पिणारे मूल आईबरोबर फडात जाते. ते उसाच्या पाचटावर किंवा झोळीत असते आणि त्याच्याजवळ सात-आठ वर्षांची बहीण बसते. आई हाकेच्या अंतरावर असली, तरी पहाटेपासून गाडी भरेपर्यंत तिचे हात मोकळे नसतात. जवळ असूनही प्रतिसाद देता न येणे ही स्थिती अनुबंधासाठी नुसत्या दुराव्याइतकीच कठीण असते. राखणदार बहीण स्वतः लहान असते; तिचेही बालपण या कामात खर्ची पडते. थोडी मोठी मुले गावी आजी-आजोबांकडे राहतात. आजी जर मुलाला जन्मापासून परिचित असेल, तर हे नाते भक्कम आधार ठरते. आजीच थकलेली असेल आणि तिच्याकडे चार घरची नातवंडे असतील, तर आधार नावापुरता उरतो. शिवाय दर हंगामाला सांभाळणारे बदलतात, आणि वैशाखात परतलेल्या आईजवळ जायला मूल बिचकते. रॉबर्टसन यांनी वर्णिलेली तिसरी अवस्था ती हीच. अशा वेळी ‘आईला विसरला’ म्हणून मुलाला चिडवणे किंवा ओढून तिच्या कडेवर देणे योग्य नव्हे. काही दिवस आजीच्या सोबतीनेच आईकडे वळू द्यावे लागते.

शासनाने स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना सुरू केली. दोन्हींचा रोख शाळकरी मुलांवर, त्यांची शाळा सुटू नये यावर आहे. ज्या वयात अनुबंध घडतो त्या शून्य ते तीन वर्षांच्या मुलांना या योजना स्पर्श करीत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले. परंतु मुकादमाच्या टोळीतून आलेली तोडकरी बाई कोणाची कर्मचारी, हा प्रश्नच वादाचा असल्याने तिच्या झोळीपर्यंत तो कायदा पोचत नाही. फडाजवळ, कोप्यांच्या वस्तीवर, पूर्ण हंगामभर एकाच ओळखीच्या बाईने चालवलेले पाळणाघर ही यातील सर्वांत साधी उपाययोजना ठरेल. खर्चाच्या मानाने ती अवघड नाही. जबाबदारी कारखान्याची, मुकादमाची की अंगणवाडीची, हे ठरवणे अवघड आहे.

आक्षेप आणि मर्यादा

बोल्बी यांच्या सुरुवातीच्या लेखनात आईवर अवाजवी भार टाकला गेला, असा आक्षेप स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला. मायकल रटर यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, जडलेला लळा तुटणे आणि तो कधीच न जडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीचे परिणाम अधिक गंभीर असतात. जर्मन संशोधक हायडी केलर यांच्या मते, एक आई आणि एक मूल यांचा समोरासमोरचा संवाद हे पाश्चात्त्य मध्यमवर्गाचे चित्र असून शेतकरी समाजांतील संगोपन स्पर्शावर व समूहावर आधारलेले असते. मारिनस व्हॅन आयझेनडोर्न आणि पीटर क्रूनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतील सुमारे दोन हजार मुलांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. बहुतेक ठिकाणी सुरक्षित प्रकार सर्वाधिक आढळला, आणि देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील फरक मोठा निघाला. त्या आठ देशांत भारत नव्हता. सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये भारतीय बालपणाचे विवेचन करताना दीर्घ मातृसान्निध्य आणि चार-पाच वर्षांच्या सुमारास मुलग्याला त्यातून एकाएकी बाहेर काढले जाणे, यांकडे लक्ष वेधले होते. परंतु ते मनोविश्लेषणावर आधारलेले होते, अपरिचित प्रसंगाच्या चाचणीवर नव्हे. ती चाचणीही येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. ज्या घरात मूल जन्मापासून क्षणभरही एकटे नसते, तेथे परक्या खोलीत आईने दार ओढून घेणे ही सौम्य नव्हे, तर अतितीव्र कसोटी ठरते. जपानमधील मुलांच्या बाबतीत हाच मुद्दा यापूर्वी पुढे आला आहे.